टिपरी आणि तुरा : उसाच्या दोन जन्मांची कथा

दसरा सरला की घाटनांदूरच्या आसपासच्या वाड्या, वस्त्या आणि तांडे ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी त्यांची मोजदाद होते. त्याच दिवसांत निवासी शाळेच्या खोल्यांत पत्र्याच्या पेट्यांची दाटी होते. आई-वडील उसाच्या फडात आणि लेकरू शाळेत, हे दृश्य या स्मरणिकेच्या अनेक वाचकांनी पाहिलेले नव्हे, तर भोगलेले आहे.

अशाच एका वर्षी आम्ही सातवीच्या वर्गात प्राचीन शेतीविषयी सांगत होतो. इनामगावच्या उत्खननात जवाचे जळालेले दाणे मिळाले, हडप्पा संस्कृतीच्या स्थळांवर गहू, जव आणि तीळ मिळाले, त्यावरून त्या काळचे लोक काय पिकवत होते हे आपल्याला कळते, असे सांगून झाले. तेव्हा मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, "सर, मग उसाचं बी कुठं सापडलं? आमच्या आईनं इतका ऊस तोडला, पण उसाचं बी तिनं कधीच पाहिलं नाही."

आम्ही इतिहासाचे शिक्षक. उत्तर त्या दिवशी आमच्यापाशी नव्हते. ते शोधताना जे वाचनात आले, ते केवळ वनस्पतिशास्त्राचे नव्हते. ज्या पिकाभोवती आपल्या जिल्ह्यातील लाखो माणसांचे आयुष्य फिरते, त्या पिकाचा जन्म कसा होतो, हे आपणा सर्वांना ठाऊक असावे, या भावनेने हा लेख लिहीत आहोत.

एकाच उसाच्या लाखो प्रती

ऊस लावताना शेतकरी बी पेरत नाही. तयार उसाची दोन-तीन डोळ्यांची कांडी तोडून ती सरीत दाबतो. तिलाच आपण टिपरी किंवा बेणे म्हणतो. पेरावरचा डोळा फुटतो, त्यातून कोंब येतो आणि नवे बेट तयार होते. ऊस तोडल्यानंतर बुडखा फुटून येतो तो खोडवा. या दोन्ही प्रकारांत नर आणि मादी यांचे मीलन होत नाही. यास शाकीय प्रजनन म्हणतात. जन्मणारा नवा ऊस हा जुन्या उसाचे अपत्य नसतो, तर त्याचाच एक भाग असतो. एका फडातील सर्व ऊस आनुवंशिकदृष्ट्या एकच. त्याच जातीच्या बेण्यावर उभे राहिलेले शंभर गावांतील फडही एकच.

केळीचे मुनवे, हळदीचे आणि आल्याचे कंद याच रीतीने वाढतात. या रीतीचा लाभ मोठा आहे. गोड उसापासून गोडच ऊस निपजतो, त्यात फसवणूक होत नाही. परंतु तोटाही तेवढाच मोठा आहे. एका उसाला जो रोग बाधतो, तो त्या जातीच्या प्रत्येक उसाला बाधू शकतो, कारण प्रतिकाराची शक्ती सर्वांची सारखीच. उत्तर प्रदेशात को ०२३८ ही जात इतकी लाभदायक ठरली की राज्यातील बहुतांश ऊसक्षेत्र तिने व्यापले. पुढे तिच्यावर लाल कूज हा रोग आला आणि शेतकऱ्यांना ती सोडून दुसऱ्या जातींकडे वळावे लागले. सारखेपणा सोयीचा असतो, पण संकटाच्या वेळी तो दुबळा ठरतो.

मग दुसरी जात येते कोठून? टिपरीतून ती येणे शक्य नाही, कारण टिपरी जुन्यालाच पुन्हा उभे करते. नवे काही जन्मास घालायचे तर उसाला फुलावे लागते.

फुलांच्या नाना तऱ्हा

फुलात परागकोश असतात आणि त्यांत परागकण तयार होतात. परागकण फुलाच्या कुक्षीवर पडला, तेथील ओलावा त्याने शोषून घेतला, की त्यातून एक सूक्ष्म नळी बाहेर पडते. तिला परागनलिका म्हणतात. ही नलिका आत उतरत जाऊन बीजांडापर्यंत पोहोचते आणि दोन पुंयुग्मके तेथे सोडते. एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण तयार होतो. दुसऱ्याच्या संयोगातून भ्रूणाची शिदोरी, म्हणजे भ्रूणपोष, तयार होतो. या दुहेरी संयोगाला द्विफलन म्हणतात. रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ नवाशिन यांनी १८९८ मध्ये तो प्रथम उलगडून दाखविला. ज्वारी-बाजरीच्या दाण्यातील पिठाचा मोठा भाग हा भ्रूणपोषच असतो. आपली रोजची भाकरी या दुसऱ्या संयोगातून आलेली आहे.

परंतु पराग कोणाचा आणि कुक्षी कोणाची, याचे उत्तर प्रत्येक वनस्पतीत निराळे असते. आपल्या बालाघाटाच्या माळावरचीच उदाहरणे पाहू. भुईमूग आणि गहू यांच्या फुलात बहुधा त्याच फुलाचा पराग त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतो. हे स्वपरागण. भुईमुगाचे फूल स्वतःच फळून मग आऱ्या जमिनीत उतरवते. बाजरीची रीत उलट आहे. तिच्या कणसावर कुक्षी आधी बाहेर येतात आणि त्याच कणसाचे परागकोश त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. म्हणून वाऱ्याबरोबर शेजारच्या ताटाचा पराग येऊन ती फळते. हे परपरागण. बाजरीला पिढ्यान्‌पिढ्या स्वतःच्याच परागावर फळावयास लावले, तर ती खुरटते, दाणा घटतो. तुरीचे मात्र दोन्ही चालते. काही शेंगा स्वपरागणातून, काही मधमाश्यांच्या कृपेने.

सीताफळाची गोष्ट तर आपल्या घरचीच. बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन आहे आणि आपल्या अंबाजोगाईतच त्याचे संशोधन केंद्र आहे. सीताफळाच्या एकाच फुलात नर आणि मादी दोन्ही अवयव असतात, पण त्यांची वेळ जुळत नाही. कुक्षी आधी तयार होते आणि परागकोश फुटेपर्यंत ती पराग स्वीकारण्यास अक्षम होऊ लागते. एका फुलाचा पराग दुसऱ्या फुलाकडे नेण्याचे काम चिमुकले भुंगेरे करतात. सीताफळ हे अनेक लहान फळांचे मिळून बनलेले समूहफळ आहे. त्याचा एकेक डोळा म्हणजे फुलातील एकेक स्त्रीकेसराचे फळ. ज्या भागाला पराग मिळत नाही, तो भाग भरत नाही आणि फळ वाकडे राहते. बाजारात एका बाजूने दबलेले सीताफळ दिसले, तर ते पुष्कळदा अपुऱ्या परागणाची खूण असते.

जंभेरीसारख्या लिंबूवर्गीय झाडांची रीत आणखी वेगळी. तिच्या एका बीतून पुष्कळदा एकाहून अधिक रोपे येतात आणि त्यांतील बरीच मीलनावाचून, केवळ आईच्या पेशींपासून घडलेली असतात. बाहेरून बी, आतून मात्र टिपरीसारखीच प्रत. यास असंगजनन म्हणतात. निसर्गाने अपत्यजन्माचा एकच एक नियम कोठेही घालून दिलेला नाही, हे या यादीवरून ध्यानात यावे.

अर्ध्या तासाचे आयुष्य

आता पुन्हा उसाकडे वळू. उसालाही फुले येतात. फडात ज्याला आपण तुरा म्हणतो, तो हजारो सूक्ष्म फुलांचा फुलोरा होय. तुरा आला की उसाची वाढ थांबते, पुढे तो आतून पोकळ पडू लागतो, म्हणून शेतकऱ्याला तुरा नकोसा वाटतो. पण नव्या जातीचा जन्म व्हावयाचा तर तो याच नकोशा तुऱ्यातून.

येथे परागाच्या जिवंतपणाचा प्रश्न येतो. झाडापासून सुटलेला परागकण किती वेळ फलनक्षम राहतो, याला परागाची जीवनक्षमता म्हणतात. काही वनस्पतींचा पराग कोरड्या स्थितीत दीर्घकाळ टिकतो. खजुराचा पराग साठवून पुढच्या हंगामात वापरण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. गवतवर्गाचा पराग मात्र फार नाजूक असतो, त्यातील पाणी उडून गेले की तो मरतो. ऊस हेही एक गवतच. साध्या हवेत उसाच्या परागाची बहुतेक शक्ती अर्ध्या तासाच्या आतबाहेर संपून जाते. पहाटे परागकोश उकलतात आणि ऊन चढण्यापूर्वी कुक्षी गाठली नाही, तर तो पराग व्यर्थ जातो.

शिवाय सर्व पराग मुळात सकस असतोच असे नाही. उसाला तुरा येण्यासाठी दिवस-रात्रीची विशिष्ट लांबी लागते आणि पराग भरण्यासाठी रात्री फार थंड नसाव्या लागतात. आपल्या पठारावर तुरा दिसतो, पण थंडीमुळे त्यातील पराग पुष्कळदा वांझ राहतो. म्हणून संकराचे काम उबदार, दमट ठिकाणी चालते. कोइमतूरच्या ऊस प्रजनन संस्थेत देशभरातील संशोधन केंद्रांसाठी राष्ट्रीय संकरण उद्यान आहे. पुण्याजवळच्या मांजरी येथील वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने आपले प्रजनन केंद्र सिंधुदुर्गातील आंबोलीला उभारले आहे.

पराग सकस आहे की नाही, हे पाहण्याची एक सोपी रीत आहे. काचपट्टीवर पराग घेऊन त्यावर आयोडीनच्या द्रावणाचा थेंब टाकतात. पिष्टाने भरलेले कण गडद निळे-काळे दिसतात, पोकळ कण फिके राहतात. ज्या जातीचा पराग भरलेला, ती नर म्हणून निवडतात. ज्या जातीचा पराग वांझ, ती मादी म्हणून, कारण तिच्यात स्वपरागण होण्याची भीती नसते. मात्र या परीक्षेला मर्यादा आहे. मेलेल्या कणातही पिष्ट शिल्लक राहते, तेव्हा आयोडीन कणाचे भरलेपण दाखविते, त्याचे जिवंतपण नव्हे. खरी परीक्षा हवी असेल, तर साखर आणि बोरिक आम्ल असलेल्या द्रावणात किंवा प्रत्यक्ष कुक्षीवर पराग ठेवून परागनलिका फुटते का, हे पाहावे लागते.

मग नर जातीचा तुरा मादी जातीच्या तुऱ्याच्या वर बांधतात आणि दोहोंभोवती कापडी कंदील उभारतात, म्हणजे तिसऱ्याचा पराग आत येत नाही. पहाटे नराचा पराग खालच्या कुक्षींवर झरतो. काही आठवड्यांनी तुऱ्यातून कापसासारखी उडणारी लव झडते. त्या लवेत उसाचे बी असते, इतके बारीक की उघड्या डोळ्यांना ते नीट दिसतही नाही. आमच्या विद्यार्थ्याच्या आईने उसाचे बी का पाहिले नाही, याचे हे उत्तर. बी असते. पण फड त्याची वाट पाहत नाही.

रानगवताचे ऋण

हे बी रुजते, हे जगाला फार उशिरा कळले. ऊस हजारो वर्षे लावला गेला, तरी त्याला फलद्रूप बी नसतेच, असा समज एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत दृढ होता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस जावा आणि बार्बाडोस या दोन बेटांवर, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, उसाच्या बियांपासून रोपे उगवलेली संशोधकांनी पाहिली आणि उसाच्या इतिहासाला वळण मिळाले.

भारतात १९१२ मध्ये कोइमतूरला ऊस प्रजनन संस्था स्थापन झाली. तेथे सी. ए. बार्बर आणि टी. एस. वेंकटरामन यांनी एक धाडसी संकर केला. एका बाजूला 'वेल्लै' हा जाड, रसाळ, गोड ऊस. दुसऱ्या बाजूला नदी-ओढ्याच्या काठी पांढऱ्या तुऱ्यांनी डोलणारे रानगवत, ज्याला संस्कृतात काश म्हणतात. शेतकरी ज्याला तण म्हणून उपटून फेकतो, साखर ज्यात नाममात्र, अशा गवताचा पराग गोड उसाला का द्यावा? कारण त्या गवतात थंडी, दुष्काळ आणि रोग सोसण्याची ताकद होती. या संकरातून निघालेली को २०५ ही जात १९१८ मध्ये उत्तर भारतासाठी प्रसृत झाली. नावातील 'को' म्हणजे कोइमतूर. आज जगात लावल्या जाणाऱ्या जवळजवळ सर्व उसांत या रानगवताच्या कुळाचा अंश आहे.

याच संस्थेत १९३४ ते १९३९ या काळात डॉ. ई. के. जानकी अम्माळ यांनी उसाच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला. त्यांचा जन्म १८९७ मध्ये केरळातील तलश्शेरी येथे, मागास गणल्या गेलेल्या थिय्या समाजात झाला. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठातून त्यांनी १९३१ मध्ये डॉक्टरेट मिळविली. उसाचे इतर गवतांशी, अगदी मक्याशीसुद्धा, संकर त्यांनी घडविले आणि अशा संकरात गुणसूत्रांचे काय होते ते तपासले. पुढे इंग्लंडमध्ये सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासमवेत त्यांनी लागवडीखालील वनस्पतींच्या गुणसूत्रांचा महाकोश १९४५ मध्ये प्रसिद्ध केला. १९७७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. स्त्री म्हणून आणि मागास समाजातील म्हणून दुहेरी भिंत ओलांडणाऱ्या या विदुषीचे नाव आपल्या मुलींना सावित्रीमाई आणि रमाईच्या नावांबरोबर ठाऊक असावे, असे आम्हांस वाटते.

आपल्या ऊसतोड बांधवांच्या हातांखालून सर्वाधिक गेलेल्या जातींपैकी एक म्हणजे ८६०३२. तीही कोइमतूरचीच. त्यातील ८६ हा आकडा १९८६ या वर्षाचा. को ६२१९८ आणि कोसी ६७१ हे तिचे जनक. महाराष्ट्रात ती १९९६ मध्ये 'नीरा' या नावाने प्रसृत झाली. क्रमांक मिळाल्यापासून शेतात येईपर्यंतच दहा वर्षे गेली. हजारो रोपांतून एखादेच रोप या परीक्षांतून उत्तीर्ण होते. ज्या ऊसापुढे आपल्या माणसांची कंबर वाकली, त्याच्या मुळाशी कोणा एका पहाटेचा, अर्धा तास जगलेला एक परागकण आहे.

वनस्पतीचा नियम आणि माणसाचा

येथे थांबून एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. परपरागणातून बल येते, संकरातून नवे निपजते, हे वाचल्यावर मनात सहज येते की जातिव्यवस्थेविरुद्धचा पुरावा निसर्गानेच दिला. परमपूज्य बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म अंतर्विवाहात आहे, हे दाखवून दिले होते. मग बाजरीचे उदाहरण पुढे करून अंतर्विवाह निषिद्ध ठरवावा काय?

आमचे मत असे की, नाही. कारण उद्या कोणी गहू आणि भुईमूग पुढे करील आणि म्हणेल, पाहा, हे स्वकुळातच फळतात आणि उत्तम फळतात. वनस्पतीपासून समाजाचे नियम काढू लागलो, तर ज्याला जे हवे ते त्यातून काढता येईल. वंशशुद्धीचे समर्थन करणाऱ्यांनी जीवशास्त्राचा असाच आधार घेतला होता. १९३६ च्या 'जातिनिर्मूलना'वरील आपल्या भाषणात बाबासाहेबांनी तो आधार तपासून फेटाळला. त्यांचा जातीला विरोध हा स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या मूल्यांवर उभा होता, पिकांच्या दाखल्यांवर नव्हे.

याहून जुना आणि आमच्या दृष्टीने याहून नेमका विचार तथागतांचा आहे. सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात वासेट्ठ आणि भारद्वाज हे दोन ब्राह्मण तरुण वाद घालतात की, ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने. भगवंत त्यांना आधी गवताकडे आणि झाडांकडे पाहावयास सांगतात, मग कीटक, पशू, मासे, पक्षी यांच्याकडे. या प्रत्येकात जन्माने येणाऱ्या खुणा वेगवेगळ्या आहेत. माणसामाणसांत मात्र तशा खुणा नाहीत. माणूस जे करतो त्यावरून शेतकरी, कारागीर किंवा व्यापारी ठरतो. वनस्पतींच्या जाती आणि माणसांच्या तथाकथित जाती या दोहोंना एकच शब्द लावण्यातील चूक अडीच हजार वर्षांपूर्वी इतक्या स्वच्छपणे दाखविली गेली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

म्हणूनच उसाची तुलना आम्ही एका मर्यादेपर्यंतच करतो. टिपरीला पर्याय नसतो, ती मागच्या हंगामाचीच प्रत काढते. आपल्याकडे मात्र माणसाच्या लेकरालाही टिपरी समजण्याची सवय पडून गेली आहे. आई-बापाच्या हाती कोयता, म्हणून लेकराच्याही हाती कोयता, ही समाजाने आणि दारिद्र्याने लावलेली लागण आहे. ती निसर्गाने लावलेली नाही. म्हणून ती मोडता येते. निवासी शाळा चालविण्यामागे, दरवर्षी दसऱ्यानंतर त्या पेट्यांसाठी जागा करण्यामागे हीच धारणा आहे. बाबासाहेबांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालय उभारले, तेव्हा मराठवाड्यातील दलित मुलांविषयी तीच धारणा होती.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एक विनंती. या हंगामात फडाच्या कडेला तुरा दिसला, तर तो झटकून टाकण्याआधी एकदा मुलांना हाती घेऊ द्यावा. शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शक आहे आणि आयोडीनची बाटलीही आहे. तुरा पहाटे उकलतो, तेव्हा पराग तेथेच काचपट्टीवर उतरवून घ्यावा. पोकळ कण आणि भरलेला कण मुलांनी स्वतःच्या डोळ्यांनी ओळखावा. त्या वर्षी आम्हाला प्रश्न विचारणाऱ्या मुलाला उत्तर द्यायला आम्हाला फार दिवस लागले. पुढच्या मुलाला ते त्याच दिवशी मिळावे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम.